झोपताना चिलखत उतरवावे

बचाव फार वाढला की खेळ मरतो, हे माझं ठाम मत होतं आणि आजही आहे. एकोणिसाव्या वर्षी माझी ठाम म्हणावी अशी मतं फारशी नव्हती. पुढे काय करायचं याबद्दल तर अजिबातच नव्हती, आणि वडील रोज जेवताना नेमकं तेच विचारायचे. पण चिलखत, ढाल, अंगावर येणारा वार आणि तो लागायची शक्यता यांचा मेळ कसा बसवायचा, यावर कुणीही मला मध्यरात्री उठवून विचारलं असतं तरी मी तासभर बोललो असतो. कुणी विचारत नव्हतं, हा भाग वेगळा.

त्याचं झालं असं की माझ्या एका मित्राचा मामा न्हावा शेवाच्या बंदरात नोकरीला होता. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. एका परदेशी जहाजावरचा खलाशी एक जाडजूड इंग्रजी पुस्तक मागे ठेवून गेला, ते मामाने भाच्याला वाचायला दिलं. ते कादंबरीचं पुस्तक निघालं नाही, खेळाच्या नियमांचं निघालं. मित्राने एसटी स्टँडजवळच्या दुकानात त्याची झेरॉक्स काढून घेतली. दुकानदाराने काही पानं तिरकी काढली आणि काही गाळूनच टाकली. या मित्राला मी इथे बंदरवाला म्हणेन.

या खेळाला पट नाही. एकाने गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. "तुम्ही किल्ल्याच्या दारात उभे आहात, समोर पहारेकरी भाले रोखून आहेत, काय करता?" असं मी विचारायचं, आणि ज्याने-त्याने आपापलं सांगायचं. पळतो, लपतो, लाच देतो, मारतो. मारामारी आली की नशीब काढायचं. पुस्तकाच्या म्हणण्यानुसार त्यासाठी वीस बाजूंचा फासा लागत होता. पनवेलच्या बाजारात मी तसा फासा मागितला तेव्हा खेळण्यांचा दुकानदार म्हणाला, "वीस बाजू? मग तो चेंडूच झाला की." शेवटी आमच्या हाउजीच्या खेळातल्या एक ते वीस आकड्यांच्या सोंगट्या मी आईच्या जुन्या बटव्यात भरल्या. आमचा फासा तोच.

गोष्ट सांगायचं काम माझ्याकडे आलं, कारण सगळे नियम वाचायची चिकाटी फक्त माझ्यात होती. हिशोब सोपा होता. प्रत्येक माणसाचा एक बचाव असतो. शत्रू बटव्यातून सोंगटी काढतो, तिच्यात आपली ताकद मिळवतो. बेरीज बचावाइतकी किंवा जास्त झाली तर वार लागला, नाहीतर हुकला. चामड्याची बंडी घातली की बचाव थोडा वाढतो, लोखंडी कड्यांचं चिलखत घातलं की बराच, वर ढाल घेतली की आणखी. पण जड चिलखत घालून पोहता येत नाही, कडा चढता येत नाही, चालताना खळखळ आवाज होतो आणि पळायची वेळ आली तर सगळ्यात मागे तुम्हीच. प्रत्येक गोष्टीसाठी काहीतरी सोडावं लागतं, आणि म्हणून मला तो खेळ आवडायचा.

आम्ही तिघंच होतो. मी, बंदरवाला, आणि जवळच्या गावातला आमच्या कॉलेजातला एक मित्र. आम्ही पनवेलच्या ज्या सेक्टरमध्ये राहायचो तिथे, इमारती उठायच्या आधी, त्याच्या आजोबांचं भाताचं शेत होतं. कुठलंही भांडण हरायला लागला की तो एवढंच म्हणायचा, "तू बसलायस ना, ती जागा आमची हाय." त्यावर काय बोलणार? त्याला गाववाला म्हणू. गाववाल्याचा माणूस उघड्या अंगाने कोयता घेऊन लढायचा. चिलखत घे म्हटलं तर म्हणायचा, "नाय रे, उकडतं." बंदरवाल्याचा माणूस चामड्याची बंडी घालून सगळ्यांच्या मागे उभा राहायचा आणि बाण मारायचा. गाववाल्याची चपळाई धरली की दोघांचे बचाव साधारण सारखे, शत्रूही मी त्याच मापाचे काढायचो, आणि शनिवारची दुपार आमच्या गॅलरीत छान जायची.

मग ताई आली.

ताई म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण. तिचं लग्न होऊन दोन वर्षं होत आली होती, सासर साताऱ्याला. सण नव्हता, कुणाचं लग्न नव्हतं, दिवस गेलेले नव्हते, आणि ती एक बॅग घेऊन एकटीच एसटीने आली. आईने विचारलं तर "आले सहज," म्हणाली. पंधरा दिवस झाले तरी ती सहजच आलेली होती. घरात कुणी काही बोलत नव्हतं, पण ती परत जाणार की राहणार हा एकच प्रश्न दिवसभर सगळ्या खोल्यांतून फिरत होता. साताऱ्याहून निरोप येत होते. वडील ते ऐकून घेत आणि पेपर उघडत.

शनिवारी आम्ही बटवा काढला तेव्हा ती कपडे वाळत घालायला गॅलरीत आली आणि तिथेच टेकली. थोडा वेळ ऐकून म्हणाली, "मलाही घ्या."

बंदरवाल्याने तोंड वाकडं केलं. माझं तर अजून वाकडं झालं असणार, कारण नवा माणूस घ्यायचा म्हणजे सगळं पुन्हा समजावून सांगा. पण ताईला फार समजवावं लागलं नाही. तिने झेरॉक्सची चिलखतांची पानं घेतली आणि बाकी काही वाचलंच नाही. सगळ्यात जड पोलादी चिलखत घेतलं, डोक्यापासून पायापर्यंत. वर ढाल घेतली. मी विचारलं, "शस्त्र?"

"नको. त्याऐवजी अजून एक ढाल मिळेल?"

"दोन ढाली घेऊन करणार काय?"

"एक पुढे, एक मागे."

आम्ही तिघंही हसलो. तीही हसली. मी नियम चाळून पाहिले, पाठीवर ढाल बांधू नये असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. मग तिने माणसाला मिळणारी बाकीची सगळी भर, चपळाईची, नशिबाची, देवाच्या कृपेची, बचावातच घातली. मी बेरीज केली तर तिचा बचाव तेवीस निघाला.

आता माझी पंचाईत समजून घ्या. माझ्या साध्या दरोडेखोराची ताकद दोन. त्याने बटव्यातून वीसची सोंगटी काढली तरी बेरीज बावीस. म्हणजे जगाच्या अंतापर्यंत तो ताईवर वार करत राहिला तरी एकही लागणार नाही. बरं, तिच्यासाठी मी राक्षस आणला, दहा ताकदीचा, तर तो तिला कधीमधी लागेल, पण बाकीच्या दोघांचे बचाव बारा. त्यांना तो जवळजवळ दरवेळी लागणार. म्हणजे ताईला ओरखडा काढायचा तर गाववाला आणि बंदरवाला यांचं पीठ व्हायला हवं. आणि त्यांना जपावं तर ताईला कुणी हातही लावू शकत नाही. ज्याला काही होऊच शकत नाही, तो माणूस खेळतोय कशाला?

मी तिला हे सगळं नीट समजावलं. सोंगट्या मांडून दाखवलं. म्हटलं, "ताई, थोडा बचाव कमी कर, तलवार घे. नाहीतर तुला कंटाळा येईल."

"मला कंटाळा येत नाहीये," ती म्हणाली.

खरंच येत नव्हता. ती लढायची नाही. लढाई सुरू झाली की तिचा माणूस मध्ये जाऊन उभा राहायचा, बस. शत्रू घाव घालायचे, मी सोंगट्या काढायचो, "हुकला, हुकला, हा पण हुकला," असं म्हणत राहायचो, आणि ती ओठ मिटून प्रत्येक सोंगटीकडे बघायची. वीस निघाली तरी हुकला असं मी म्हटलं की तिचा चेहरा असा काही निवांत व्हायचा की मला माझ्या नियमांचा राग येईनासा व्हायचा. पण तेवढ्यापुरताच.

कॉलेजात मागच्या बाकावर बसून मी तिच्यावर उपाय शोधत असे. माझं आयुष्य त्या काळात या एका कामाला लागलं होतं. नदी पार करायला लावली, तर ती काठाकाठाने चालत पुलापर्यंत गेली. "उशीर होईल," मी म्हटलं. "मला घाई नाहीये," ती म्हणाली. मग मी कर्नाळ्याचा सुळका आणला. आमच्याकडची प्रत्येक शाळा सहलीला कर्नाळ्याला जाते, आणि सुळक्यावरच्या आग्या मोहोळांची भीती प्रत्येक मुलाला आधीच घालून ठेवलेली असते. मधमाशीला चिलखताच्या फटीतून आत जायला ताकद लागत नाही, तेव्हा इथे बचाव धरायचा नाही, असा नियम मी स्वतः केला आणि माशा सोडल्या. बंदरवाला पळाला आणि त्याला सगळ्यात जास्त चावल्या. गाववाल्याने लुंगी डोक्यावरून घेतली. ताईने विचारलं, "मी ओली घोंगडी पांघरून गप्प पडून राहिले तर?" तर काय? मी हात टेकले. माशा निघून गेल्या.

"ताईला कोन हात लावनार नाय," गाववाला खूश होऊन म्हणाला. त्याला तिचं फार कौतुक होतं.

बंदरवाल्याला मात्र नव्हतं. तिच्यापायी मी जे राक्षस आणत होतो ते सगळे त्याच्या वाट्याला येत होते. त्याने मामाकडून मूळ पुस्तक पुन्हा मागून घेतलं, झेरॉक्सवाल्याने गाळलेली पानं काढून आणली आणि एका शनिवारी विजयी चेहऱ्याने माझ्यासमोर टाकली. "वाच," म्हणाला. मी वाचलं आणि मला इतका आनंद झाला की विचारू नका. सगळा गुंता सुटत होता, आणि मला काही करावंही लागत नव्हतं. नियम छापलेलाच होता.

तेव्हा गोष्टीतली आमची मंडळी कर्नाळ्याच्या पायथ्याशी एका गुहेत मुक्काम करणार होती. मी पान पुढे धरून ताईला मराठीत सांगितलं, "झोपताना चिलखत उतरवावे. चिलखत घालून झोपलेल्याला झोप लागली असे धरू नये. झोपलेल्या माणसाचा बचाव उघड्या माणसाइतका असतो."

ताईने पान हातात घेतलं. "रोज?"

"रोज."

"गुहेला दार असलं आणि आतून लावलं तरी?"

"तरी. दाराचा काही संबंध नाही."

ती जरा वेळ पानाकडे बघत होती. मग तिने ते घडी घालून मला परत दिलं. "मग मी झोपत नाही."

बंदरवाला याच्यासाठी तयारच होता. पुढचं पान त्याच्याकडे होतं. "ताई, न झोपणाऱ्याचं दर रात्रीला सगळं कमी होत जातं. ताकद, नजर, बचाव, सगळं."

"होऊ दे कमी."

"अहो, पण थोड्याच दिवसांत तुमचा बचाव आमच्याइतका होईल. मग एवढ्या चिलखताचा उपयोग काय?"

"माहीत आहे," ताई म्हणाली. "तसंच होतं."

ती हे चिडून बोलली नाही. बाजारात भेंडी महाग झाली आहे हे सांगावं तशी बोलली. खाली रस्त्यावरून बंदराचे ट्रेलर चालले होते, त्यांचा आवाज येत राहिला. ती आल्यापासून रात्री भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून बसलेली असते, आणि मी पाणी प्यायला उठलो की माझ्या आधी तिचे डोळे माझ्यावर असतात, हे मी रोज पाहत होतो. तळोज्याच्या कारखान्यांकडून वाऱ्यावर वास येतो म्हणून झोप लागत नाही, असं ती म्हणाली होती, आणि त्या वासाने आमची सगळ्यांचीच झोप मोडायची, म्हणून मला ते पटलंही होतं. आता ते पटेना. काय विचारावं ते सुचेना, आणि मित्रांसमोर तर विचारणंच शक्य नव्हतं.

गाववाला म्हणाला, "मंग तुमी झोपा ताई. आमी जागतो."

"म्हणजे?"

"पहारा देतो ना. गुहेच्या तोंडाशी बसतो तिघं. आमी जागं असताना कोन येतंय बघू."

नियमात पहारा होता. मी मान हलवली. गोष्ट सांगणाऱ्याने गोष्टीत बसायचं नसतं, पण मीही बसलो. ताईने आम्हा तिघांकडे आळीपाळीने पाहिलं, आम्ही चेष्टा करतोय का ते बघत असावी.

"एक अट आहे," ती म्हणाली. "पहारा सोडून जायचं असेल तर आधी मला उठवायचं. मी झोपलेय म्हणून न सांगता निघून जायचं नाही."

"नाय जानार," गाववाला म्हणाला.

"शब्द?"

"शब्द."

मग तिने चिलखत उतरवलं. म्हणजे तसं सांगितलं. हातमोजे, मग छातीचं, मग पायांचं, एकेक नाव घेऊन. आणि गॅलरीच्या भिंतीला टेकून तिने डोळे मिटले. आम्हाला वाटलं, खेळातलं करून दाखवतेय. पुढची सोंगटी काढायला मी बटव्यात हात घातला आणि गाववाल्याने माझं मनगट धरलं. तिची मान कलली होती, तोंड थोडं उघडं पडलं होतं. ताई खरोखर झोपली होती.

आम्ही तसेच बसलो. पाय आखडले तरी कुणी हललं नाही. बंदरवाल्याने आपली सावली तिच्या तोंडावर पडेल असं सरकून घेतलं. ऊन गॅलरीच्या जाळीतून पुढे सरकत गेलं तसा तोही सरकत गेला. आई चहा घेऊन आली, मी तोंडावर बोट ठेवलं. आईने ताईकडे पाहिलं आणि पुटपुटली, "झोपू दे. रात्री झोपत नाही ती." म्हणजे आईला माहीत होतं. चहाचा ट्रे तसाच घेऊन ती आत गेली. मला आईचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं.

दिवेलागणीला ताई जागी झाली. तिघंही तिथेच आहोत हे तिने पाहिलं आणि लाजून म्हणाली, "वेडेच आहात." त्या दिवशी ती दोन वेळचं जेवण एकदम जेवली.

पुढच्याच रविवारी साताऱ्याची मंडळी आली. भाऊजी, त्यांचे वडील आणि ज्यांनी लग्न जमवलं ते मध्यस्थ काका. येताना पेढे आणले होते. आईने कांदेपोहे केले. सगळे सोफ्यावर आणि खुर्च्यांवर, ताई स्वयंपाकघराच्या दारात, आणि मी तिच्या बाजूला उभा. आधी पाऊसपाण्याचं झालं, मग भाऊजींच्या बढतीचं झालं. मग काका म्हणाले, "संसार म्हटला की भांड्याला भांडं लागतंच." वडिलांनी मान डोलावली. मी त्यांच्याकडे बघत होतो. ते माझ्याकडे बघत नव्हते.

मी म्हटलं, "तिला जायचं नसेल तर?"

माझा आवाज चिरका निघाला. वडील म्हणाले, "तू आत जा, चहाचं बघ." पण काका हसले. "अहो, बरोबर विचारतोय तो. आपण तिलाच विचारू ना. काय गं, तुला काही त्रास आहे का तिकडे? असेल तर सांग मोकळेपणाने. सगळे आपलेच आहेत."

सगळे तिच्याकडे बघायला लागले. भाऊजीही बघत होते, पोह्यांची बशी हातात घेऊन, अगदी शांतपणे. आमच्याकडे असंच विचारतात, भर बैठकीत, ज्याच्याबद्दल विचारायचं त्याच्या तोंडासमोर, आणि मग आपण विचारलं याचं सगळ्यांना समाधान असतं. ताई पदराच्या टोकाला पीळ घालत होती.

"नाही," ती म्हणाली.

"झालं तर," काका म्हणाले. भाऊजींच्या वडिलांनी पुढे होऊन माझ्या वडिलांचे हात हातात घेतले आणि मुलीसारखी सांभाळू असा शब्द दिला. माझ्या वडिलांचे डोळे भरून आले. त्यांना तो शब्द हवाच होता. त्यांनी तो असा घेतला की जणू आता तिच्या अंगावर पुढून-मागून ढाली बांधून झाल्या. मी स्वयंपाकघरात जाऊन उकळलेला चहा पुन्हा उकळत ठेवला. माझ्या हातात दुसरं काही नव्हतं.

आईने ओटी भरली. निघताना ताई माझ्या कानाशी आली आणि म्हणाली, "राक्षसाची ताकद कमी कर जरा. त्या दोघांना झेपत नाही." त्याच दिवशी ती गेली.

शनिवारी मित्र आले तेव्हा मी बटवा काढला, पण गोष्ट पुढे सरकेना. मी म्हटलं, सकाळ झाली, तुम्ही गुहेतून निघता. गाववाला म्हणाला, "ताईंना उठवल्याबिगर कसं निगायचं? शब्द दिलाय." बंदरवाल्यानेही वाद घातला नाही, आणि तो दर वाक्यावर वाद घालणारा माणूस. पुढच्या शनिवारीही तेच. त्या गुहेत सकाळ होईना. आम्ही शेंगदाणे खायचो आणि उठायचो.

आमच्याकडे तेव्हा फोन नव्हता, शेजाऱ्यांकडे यायचा. एका संध्याकाळी ताईचा आला. आईशी बोलली, सगळं ठीक आहे म्हणाली, मागून तिच्या सासूबाईंचा आवाज येत होता. मग आईने मला फोन दिला.

"खेळताय का?" तिने विचारलं.

"हो."

"पहाऱ्यावर कोण आहे?"

शेजारच्या काकू समोर मटार सोलत बसल्या होत्या. मी म्हटलं, "मी आहे. आम्ही तिघंही आहोत."

"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला. मी रिसीव्हर हातात धरून तसाच उभा राहिलो, कारण मी पनवेलला होतो आणि ती साताऱ्याला.

मित्रांना सांगितलं तेव्हा गाववाला म्हणाला, "चल मंग." एवढंच. रविवारी आम्ही पहिली एसटी धरली. घरी सांगितलं की मित्राच्या गावाला जातो. जाऊन काय करणार, हे तिघांपैकी एकालाही माहीत नव्हतं. गाववाला मोठमोठ्या बाता मारत होता, पण घाट चढल्यावर तोही खिडकीबाहेर बघत बसला.

दार भाऊजींनीच उघडलं. चांगले हसले. "अरे वा, मेव्हणे!" असं म्हणून त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. सासूबाईंनी पाणी दिलं. ताई आतून आली, आम्हा तिघांना ओळीने पाहिलं आणि चौकटीला धरून उभी राहिली. डोळ्यांखाली काळं होतं. ती वाळली होती. तिने जेवण वाढलं, आम्ही जेवलो, आणि मग भाऊजींनी कॅरम काढला, कारण चार माणसं जमली होती.

ताईने विचारलं, "तुम्ही बसणार ना थोडा वेळ?"

"आमी इथंच हाय," गाववाला म्हणाला. "तुमी व्हा आडव्या."

ती आतल्या खोलीत गेली. दार लोटलं, लावलं नाही. आम्ही कॅरम खेळायला लागलो. आयुष्यात मी इतका मन लावून कॅरम खेळलो नाही. डाव संपला की बंदरवाला म्हणे, "अजून एक होऊ दे." भाऊजी चांगले खेळत. बोटं लांब, नखं स्वच्छ कापलेली, राणी अलगद घेत. मी त्या बोटांकडे बघत राहायचो आणि माझी सोंगटी हुकायची. सासूबाई दारातून आत डोकावल्या. "भाऊ आलाय आणि ही बघा, मेल्यागत झोपलीय," असं म्हणाल्या. भाऊजी हसून म्हणाले, "आमची ही झोपाळूच आहे." गाववाल्याने पटावरून मान वर केली. मी टेबलाखाली त्याच्या पायावर पाय ठेवला.

उन्हं उतरली तसं भाऊजींनी घड्याळ पाहिलं. "तुमची शेवटची गाडी चुकायची हं." काळजीनेच म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले. राहा, असं कुणी म्हणालं नाही. आणि राहिलो असतो तरी ती एकच रात्र झाली असती, मग दुसरी होतीच. हे मला कळत होतं. मित्रांनाही कळत असावं, कारण आम्ही एकमेकांकडे बघायचं टाळत होतो.

भाऊजी म्हणाले, "तिला कशाला उठवता? झोपू दे. मी सांगतो नंतर."

ती किती गाढ झोपली होती ते लोटलेल्या दाराच्या फटीतून मला दिसत होतं. कुशीवर, भिंतीला पाठ न लावता, हात गालाखाली घेऊन, लहानपणी झोपायची तशी. तिला उठवायचं माझ्या जिवावर आलं. पण शब्द दिला होता. मी आत गेलो, पलंगाजवळ वाकलो आणि हळूच म्हटलं, "ताई. पहारा संपला. आम्ही निघतोय."

तिने डोळे उघडले. आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे दारात उभ्या असलेल्या भाऊजींकडे. "बरं," म्हणाली. मग ती उठून बसली, मागे सरकून भिंतीला पाठ लावली आणि पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट लपेटून घेतला.